नाव विलायती, पारख आपली : जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घेताना

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण मराठी शाळेत शिकलो. वाणिज्य शाखेत आल्यावर तीच गोष्ट कायद्याच्या पुस्तकात लॅटिन वेष घेऊन भेटते : ‘कॅव्हिएट एम्प्टर’, म्हणजे खरेदीदाराने आपले आपण सावध राहावे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या १६ व्या कलमाचा हाच गाभा आहे. काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी कायदा गृहीत धरत नाही. वर्गात या कलमाची उदाहरणे गव्हाची आणि कापडाची देतात. प्रस्तुत लेखात आपल्या भागाला जवळचे असे एक वेगळे उदाहरण घेऊ : जुनी युरोपीय रायफल.

आमचा जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका, रानाने वेढलेला आहे. भात पोटरीत आले की रानडुकरे येतात, गवेही येतात, आणि शेतकरी माळ्यावर रात्र काढतो. शेतराखणीसाठी कुणाकडे ठासणीची बंदूक असते, कुणाकडे एकनळी. कन्नड विभागातील आपले मित्र तिला ‘कोवी’ म्हणतात. पण एखाद्या जुन्या घरात आजोबांच्या काळातील ‘मावझर’ असते आणि तिच्याविषयी सारा गाव आदराने बोलतो. परवानाधारक थकला की ती विकायला निघते. घेणारा नाव ऐकूनच निम्मा राजी झालेला असतो. अशा वेळी नेमके काय पाहावे?

हा माल येतो कोठून?

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या देशात परदेशी बंदुकांची खासगी आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे सामान्य परवानाधारकाला मिळणारी जर्मन, ऑस्ट्रियन, चेक किंवा इंग्रज रायफल ही बहुधा वापरलेलीच असते. पुरवठा गोठलेला आणि नावाला मागणी, म्हणून किंमत चढते. ती चढते मात्र नावामुळे. मालाची स्थिती त्या किंमतीत दिसत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. मोटारीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सरासरी किंमत देतो, चांगल्या मोटारीचा मालक त्या किंमतीला विकत नाही, आणि बाजारात खराब मालच उरत जातो, असे त्यांनी दाखविले. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच अभ्यासासाठी. जुन्या रायफलीला हा विचार तंतोतंत लागू पडतो. यावर उपाय एकच : घेणाऱ्याने तपासणी शिकणे.

नावात काय असते?

बोल्ट-ॲक्शन म्हणजे हाताने दांडा उचलून मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस नळीत बसते आणि दार बंद होते. या रचनेचा कळस मानली जाते ती जर्मनीतील ओबेर्नडॉर्फ येथील पॉल मावझर यांची १८९८ ची रचना. तिच्या बोल्टला पुढे दोन भक्कम कान असतात आणि मागे तिसरा, संकटकाळी आधार देणारा. बोल्टच्या कडेची लांब पोलादी पट्टी काडतुसाची कड सुरुवातीपासूनच पकडून ठेवते. काडतूस फुटलेच तर वायू कडेने निघून जावा, डोळ्यांत येऊ नये, याचीही सोय केलेली असते.

लंडनची रिग्बी कंपनी मावझरच्या यंत्रणेवर आपल्या रायफली बांधी. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्यावर जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच. ऑस्ट्रियातील स्टायर येथील मान्लिखर-शोनावर तिच्या फिरत्या मॅगेझीनसाठी, तर चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो कारखान्याची रायफल मजबुतीसाठी नावाजली गेली.

ही कीर्ती खोटी नाही. पण शिक्क्यावरून रायफलीचा जन्म कळतो, पुढचे आयुष्य कळत नाही. साठ-सत्तर पावसाळे तिने कोणाच्या घरात काढले, ते पोलाद पाहूनच समजते.

तपासणीचा क्रम

सर्वांत आधी बोल्ट उघडून नळी आणि मॅगेझीन रिकामे आहे याची नजरेने आणि बोटाने खात्री करावी. विक्रेता ‘रिकामीच आहे’ म्हणाला तरी करावी. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

१) क्रमांक. नळी, यंत्रणेचा मुख्य भाग आणि बोल्ट यांवर कोरलेले क्रमांक जुळतात का ते पाहावे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसविलेला असेल तर तो सहज फिरतो, पण काडतुसाच्या बुडामागे सुटणारी जागा बदललेली असू शकते. ती प्रमाणापेक्षा जास्त झाली तर काडतूस ताणून फाटते आणि वायू मागे येतो. ही जागा मोजण्यासाठी कारागिराकडे ‘गो’ आणि ‘नो-गो’ नावाची दोन मापे असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. ही परीक्षा अंदाजाने होत नाही.

२) नळी. बोल्ट काढून मागून उजेडाकडे पाहावे. नळीतील पिळाचे आटे तोंडापर्यंत धारदार व चकचकीत दिसले पाहिजेत. काळे ठिपके किंवा खड्डे दिसले तर त्याचे कारण बहुधा जुनी काडतुसे. त्यांच्या टोपीतील रसायनातून गोळी सुटल्यावर एक क्षार नळीत उरे. हा क्षार हवेतील पाणी ओढतो. तेलाने तो निघत नाही, पाण्यानेच निघतो. पण तेल लावले म्हणजे नळी साफ झाली अशी अनेकांची समजूत असे. आमच्याकडच्या पावसात अशी नळी एका हंगामात खराब होऊ शकते. गज तोंडाकडून घालून साफ केलेल्या रायफलीचे तोंडही झिजते, आणि तोंडाची कड बिघडली की नेम बिघडतो.

३) बोल्ट. कानांच्या मुळाशी बारीक भेग आहे का ते भिंग लावून पाहावे. बोल्टच्या तोंडाशी, सुई बाहेर येते त्या छिद्राभोवती, खड्डे असतील तर पूर्वी कधी वायू मागे आला होता असे समजावे.

४) चाप व सुरक्षा-खटका. रिकामी रायफल ताणून सुरक्षा लावावी, चाप ओढून सोडावा, मग सुरक्षा काढावी. तेवढ्यावर सुई सुटली तर ती रायफल, नाव कोणतेही असो, धोकादायक आहे.

५) भरणे व काढणे. ही चाचणी फक्त खोट्या काडतुसांवर करावी. प्रत्येक काडतूस न अडता नळीत गेले पाहिजे आणि तितक्याच सहजपणे बाहेर पडले पाहिजे.

६) लाकूड. दस्ता मनगटापाशी आणि यंत्रणेच्या मागे तडकलेला असतो, तेथे नीट पाहावे. शक्य असल्यास लाकूड उतरवून नळीची खालची बाजू पाहावी. वरून दिसत नाही तो गंज तेथे लपतो. पेचांची डोकी खरवडलेली असतील तर अडाणी हात फिरला आहे असे खुशाल समजावे.

७) रंग. जुन्या रायफलीवर कोरा करकरीत निळसर-काळा रंग दिसला तर आनंदापेक्षा शंका बरी. कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील तर गंज घासून वर नवा रंग दिलेला आहे. हाताच्या घर्षणाने प्रामाणिकपणे विटलेला रंग यापेक्षा चांगला.

८) चाचणीचे शिक्के. युरोपात नळीवर मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस उडवून तिची परीक्षा घेतात व मग शिक्का मारतात. लंडनखेरीज बर्मिंगहॅमलाही असे चाचणीगृह आहे. तेथील १८१३ चे. इंग्लंडच्या शिक्क्यांत ‘एन् पी’ ही अक्षरे, किंवा जुन्या जर्मन नळीवर मुकुटाखाली ‘एन्’ असेल, तर ती नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. अर्थात शिक्का त्या दिवसापुरता खरा असतो. नंतर नळी बदलली किंवा झिजली तर तो काही सांगत नाही.

शेवटची परीक्षा परवानाप्राप्त रेंजवर, जाणत्या माणसासमोर. चांगल्या स्थितीतील रायफल टेकू देऊन झाडली तर शंभर मीटरवर पाच गोळ्या साधारण तळहाताच्या आत टाकते.

काडतुसाशिवाय रायफल म्हणजे काठी

खरेदीत सर्वांत जास्त फसगत येथे होते. ‘आठ मिलिमीटरची आहे’ एवढे सांगून भागत नाही. जर्मनीच्या १८८८ च्या आठ मिलिमीटर काडतुसातील गोळीचा व्यास .३१८ इंच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या नव्या काडतुसात तो.३२३ इंच झाला. जाड गोळी जुन्या अरुंद नळीत झाडली तर दाब भयंकर वाढतो. आपल्याकडची .३१५ हीसुद्धा बोलण्यात ‘आठ मिलिमीटर’च, पण तिचे काडतूस निराळे, कडेला ओठ असलेले. इंग्लंडच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीची .३१८ तर चौथीच वस्तू. म्हणून नळीवर कोरलेले पूर्ण नाव वाचावे, आणि शंका असल्यास कारागिराकडून नळीचे माप घ्यावे.

.३०३ हे लष्करी माप असल्याने सामान्य परवान्यावर चालत नाही. म्हणूनच आपल्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली. ती कलकत्त्याजवळच्या इशापूरची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यांतील दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्याला आहे. .३१५ दिसायला साधी, पण तिचे काडतूस देशात बनते. दुर्मिळ विलायती काडतुसाची रायफल घ्यायची तर आधी विक्रेत्याला विचारावे : काडतुसे दाखवा, आणि पुढच्या वर्षी ती कोठे मिळतील ते सांगा. उत्तर नसेल तर आपण शोभेच्या वस्तूची किंमत देत आहोत.

कागद

१९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना आधी, खरेदी नंतर. ज्याच्यावरचा क्रमांक वा ओळखचिन्ह खोडले आहे असे शस्त्र विकणे ८ व्या कलमाने मना आहे, आणि परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणे ६ व्या कलमाने. खासगी व्यक्तीकडून घेताना विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. म्हणून खराब रायफल घेतली तर पैसा जातोच, शिवाय दोनपैकी एक जागाही अडते.

जोयड्याच्या वाचकाने आणखी एक कायदा वाचला पाहिजे : १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. दांडेली अभयारण्य १९५६ चे, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवावे आणि तेथे नवा परवाना वनखात्याच्या पूर्वसंमतीशिवाय दिला जाऊ नये, असे ३४ वे कलम सांगते. शिकार तर बंदच आहे. पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबतही अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

हिशेब

आता जमा-खर्च मांडू. रायफलीची किंमत, कारागिराची फी, दुरुस्ती, काडतुसे आणि परवान्याचे नूतनीकरण हे खर्चाच्या बाजूला. जमेच्या बाजूला काय? रेंजवर नेमबाजी करणाऱ्याला किंवा घराण्याची वस्तू जपणाऱ्याला चांगली मावझर पिढ्यान्‌पिढ्या साथ देईल. पण भाताच्या राखणीसाठी ती घेऊ पाहणाऱ्याने थांबून विचार करावा. रायफलीची गोळी चुकली तर काही किलोमीटर जाऊ शकते, आणि आमच्याकडे शेताच्या पलीकडे, झाडीआड, दुसऱ्याचे घर असते. तेथेही कोणी माळ्यावर जागत असतो. अशा शेतकऱ्याने त्या पैशातून बांध, कुंपण आणि रात्रीचे दिवे केले तर जमेची बाजू अधिक भरते, असे माझे मत आहे.

ज्याला घ्यायचीच असेल त्याने हा क्रम ठेवावा : आधी कागद, मग काडतूस, मग पोलाद, मग लाकूड, आणि नाव सर्वांत शेवटी. बहुतेक खरेदीदार नेमके उलटे जातात. विक्रेता तपासणीला तयार नसेल, कारागिराला दाखवायला ‘वेळ नाही’ म्हणत असेल, तर सौदा तेथेच सोडून सरळ घरी यावे.