सासऱ्यांच्या ट्रंकेतल्या नोटा

प्रश्न : सासऱ्यांच्या पश्चात त्यांची ट्रंक उघडली. त्यात सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेली दहाची एक नोट, एक रुपयाच्या काही जुन्या नोटा आणि २०१६ साली बंद झालेल्या पाचशेच्या चौदा नोटा निघाल्या. एक रुपयाच्या एका नोटेचा नंबर ७८६ ने संपतो. सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या धाकट्या दिरांनी तिचा फोटो ऑनलाइन टाकला. लगेच फोन आला : पाच लाख देतो, पण आधी जीएसटी आणि नोंदणीचे पैसे भरा. भरावेत का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, एक पैसाही भरू नका. खरा घेणारा आधी माल पाहतो आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढतो. आपलं नाव सांगून असे शुल्क, कमिशन उकळणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. दिरांनी पैसे भरले असतील किंवा खात्याचा तपशील दिला असेल, तर आजच १९३० वर तक्रार करा.

तातडीचं आहे ते पाचशेच्या नोटांचं. २०१७ च्या कायद्याने अशा बंद नोटा एका व्यक्तीला एकूण दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापुढे दंड दहा हजार किंवा दर्शनी रकमेच्या पाचपट, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत. तुमच्या चौदा नोटांचे सात हजार, म्हणजे दंड पस्तीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. वरच्या चार नोटा दिरांकडे ठेवायला देऊ नका, कारण देणं-घेणंही याच कायद्याने मना आहे. सरळ फाडून टाका. त्यांचं आता काहीच मिळणार नाही.

राजाच्या नोटेवरची सही पाहा. चिंतामणराव देशमुखांची असेल तर नोट १९४३ ते १९४९ या काळातली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. माझं ऐकाल तर ही नोट घरातच राहू द्या. बाजारात मात्र नुसत्या जुनेपणाला भाव नाही. नोट किती दुर्मीळ आणि किती चांगल्या अवस्थेत, यावर सगळं ठरतं. कोरी करकरीत नोट आणि मधोमध घडी पडलेली, गड्डीच्या पिनेची भोकं असलेली नोट, यांच्या किमतीत कैक पटींचं अंतर पडतं. म्हणून इस्त्री, धुणं, सेलोटेप, लॅमिनेशन यांतलं काहीही करू नका. ७८६ साठी हौशी माणूस थोडे जास्त मोजेल, लाखो नव्हे. पुण्यात 'कॉइनेक्स' प्रदर्शन भरतं, तिथे दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, भाव ऐका आणि पैसे हातात पडेपर्यंत नोट सोडू नका.