पंढरीची पायरी : एक धम्मपाठ



आषाढी एकादशी जवळ आली की आपल्या वस्तीतही एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. "गुरुजी, एकदा पंढरीला जाऊन आले तर काय बिघडलं?" विचारणारी बहुधा एखादी म्हातारी आई असते. तिच्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असते, आणि तरीही एकादशीला ती गुपचूप उपास धरते. तिची थट्टा करून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आजच्या पाठात आपण पंढरपूर नीट समजून घेऊ.

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. तिच्या काठी विठ्ठलाचे मंदिर आहे. चंद्रभागेत स्नान केले की पाप धुतले जाते आणि विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले की जन्माचे सार्थक होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या देवापुढे सर्व भक्त सारखे, असेही सांगितले जाते. आता इतिहास काय सांगतो ते पाहा.

चौदाव्या शतकात मंगळवेढ्याचे चोखामेळा हे विठ्ठलाचे थोर भक्त होऊन गेले. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा, मेहुणा बंका हे सारे कुटुंब अभंग रचणारे होते. पण या कुटुंबाला मंदिरात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा मरण पावले, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी कोठे आहे? मंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीजवळ, बाहेर. मेल्यावरही ते बाहेरच राहिले. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला, की आम्हाला हीन जातीत घालून तुला काय मिळाले? त्याला उत्तर मिळाले नाही.

चोखोबांविषयी आपल्या मनात अनादर नाही. बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. माणूस थोर होता. प्रश्न त्या पायरीचा आहे.

माझ्या आजीने सांगितलेली एक गोष्ट येथे सांगतो. ती लहान असताना तिच्या आईबरोबर वारीला गेली होती. चार दिवस पायी चालून ही माणसे पंढरपुरात पोहोचली. चोखोबाच्या समाधीवर डोके टेकले. आईने तिला कडेवर उचलून लांबून कळस दाखवला आणि म्हणाली, "झालं बघ दर्शन." आजी हे सांगताना रागावत नसे, आनंदाने सांगे. मी कॉलेजात गेल्यावर मला त्या आनंदाचाच जास्त त्रास होऊ लागला. चार दिवस चाललेल्या बाईला कळसावर समाधान मानायला कोणी शिकवले? दार लावणारे हात बाहेरचे होते. पण ते दार योग्य आहे, आपणच अपवित्र आहोत, ही समजूत आपल्या मनात बसवलेली होती. अशा समजुतीला कुलूप लागत नाही, म्हणून ती उघडणेही कठीण असते.

माता रमाईंनाही पंढरपूरला जायची इच्छा होती. जे पंढरपूर आपल्या भक्तांना दर्शनसुद्धा घेऊ देत नाही, त्याचे काय करायचे, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरे पंढरपूर उभे करू, या आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी त्यांना दिले होते. 1935 च्या मे महिन्यात रमाई गेल्या. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

कोणी म्हणेल, आता तर दार उघडले आहे. खरे आहे. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. साने गुरुजींच्या तळमळीबद्दल शंका नाही. पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही संपले. हे बदल चांगलेच आहेत. पण बाबासाहेबांचा मुद्दा निराळा होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली सुरू झाला. मूर्तिपूजक होण्यासाठी हा लढा नव्हता, आपल्या माणसांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता, असे त्यांनी 1934 साली स्पष्ट केले. आत गेल्यावर आपण पवित्र होतो असे मानले, तर बाहेर होतो तेव्हा अपवित्र होतो हेही मानावे लागते. दार उघडते आणि जुनी समजूत तशीच राहते.

पाण्याने पाप धुतले जाते का? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी एका दासीने सोडवला आहे. थेरीगाथेत पुण्णिका थेरीची कथा आहे. ती पाणी भरणारी दासी होती. मालकिणीच्या माराच्या भीतीने कडाक्याच्या थंडीतही तिला नदीत उतरावे लागे. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करत होता. पाप धुण्यासाठी, असे तो म्हणाला. पुण्णिकेने विचारले, मग बेडूक, कासवे, मगरी हे सारे स्वर्गात जातील काय? आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही नेणार नाही काय? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. वाचकहो, ही थेरी शिकलेली नव्हती. पण तिने प्रश्न विचारला.

आणखी एक मुद्दा नेहमी निघतो. "विठ्ठल म्हणजे बुद्धच ना?" पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे मत बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे मांडले होते. त्यावर लिहिण्याचा त्यांचा विचार होता, पण ते राहून गेले. रा. चिं. ढेरे यांनी 1984 सालच्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. संशोधकांनी शोध करावा. आपल्या आचरणासाठी मात्र उत्तर तयार आहे. विठ्ठलाला विष्णूचा बौद्धावतार म्हणणारी परंपरा जुनी आहे, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हे आपण पाचव्या प्रतिज्ञेत मान्य केले आहे. उद्या मूर्ती बुद्धाची सिद्ध झाली, तरी तिच्या पायांवर डोके ठेवून पाप जाणार नाही.

आता हाच दिवा आपल्या घरात धरू. आपण दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जातो. जावेच. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनारा ही चार स्थाने पाहून मनात संवेग जागा व्हावा, असे तथागतांनी सांगितले आहे. पण त्याच महापरिनिर्वाण सुत्तात ते आनंदाला सांगतात, फुले वाहणारा नव्हे, तर धम्माप्रमाणे वागणारा माझी खरी पूजा करतो. चैत्यभूमीची माती कपाळाला लावून कोणी घरी येऊन दारू पीत असेल, बायकोवर हात उगारत असेल, तर त्याने नवी चंद्रभागाच शोधली म्हणायची.

शेवटी त्या म्हातारीकडे वळू. माझ्या वडिलांनी एकदा रागाच्या भरात आजीची तुळशीची माळ विहिरीत टाकली. आजी आठ दिवस बोलली नाही, आणि एकादशी तिने सोडली नाही. पुढे माझ्या आईने दर पौर्णिमेला तिला शेजारी बसवून तथागतांच्या गोष्टी वाचून दाखवायला सुरुवात केली. पुण्णिकेची गोष्ट आजी पुन्हा पुन्हा वाचायला सांगे, कारण तिनेही जन्मभर दुसऱ्यांचे पाणी भरले होते. दोन-तीन वर्षांनी एका एकादशीला तिने आपणहून भाकरी मागितली. कोणी काही बोलले नाही. आईने फक्त ताट वाढले.

माळ हिसकावल्याने श्रद्धा जात नाही. समज आली की ती आपोआप गळून पडते. म्हणून या आषाढीला आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना पुण्णिकेची गोष्ट सांगा.

मनन करण्यासाठी प्रश्न :
1. मंदिरप्रवेश आणि मनाची मुक्ती यांत फरक कोणता?
2. पुण्णिकेने ब्राह्मणाला कोणते दोन प्रश्न विचारले?
3. आपल्या घरात अशी कोणती रूढी उरली आहे, आणि ती का उरली आहे?

भवतु सब्ब मंगलं.