मनोविकारांवरील औषधे : पालक व शिक्षक यांची समज

मुलांना दिल्या जाणाऱ्या मनोविकारांवरील औषधांविषयी घरात व शाळेत दोन समजुती आढळतात : 'गोळीने मूल गुंगीत राहील' आणि 'गोळीने मूल सुधारेल'. दोन्ही अपुऱ्या आहेत.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकारावरील मिथाइलफेनिडेटचे उदाहरण घ्या. १९४४ मध्ये प्रथम तयार झालेले हे औषध गुंगी आणणारे नसून उत्तेजक आहे. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो. म्हणून सकाळी एकाग्र असलेले मूल दुपारच्या तासाला अस्वस्थ झाले, तर तो हट्टच असेल असे नाही. डबा न खाता परत येणे हाही औषधाने भूक मंदावल्याचा परिणाम असू शकतो. अशी निरीक्षणे शिक्षकांनी पालकांना व पालकांनी डॉक्टरांना कळवली, तर मात्रा व वेळ योग्य रीतीने ठरवता येते. याउलट, नैराश्यावरील फ्लुओक्झेटिनचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ते परस्पर बंद करणे योग्य नव्हे.

औषधाने लक्ष देणे सुकर होते. अभ्यासाची गोडी लावणे मात्र माणसांचेच काम राहते.

स्वयंअध्ययन प्रश्न : दुपारच्या अस्वस्थतेचा अर्थ शिक्षकाने कसा लावावा?