दात एकच, पण त्रास किती?

परवा बारा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. किडलेला दात एकच. "डॉक्टर, एवढंच ना?" आई म्हणाली. मी मुलाला विचारले, तेव्हा कळले: रात्री ठणक्याने झोप मोडते, भाकरी एकाच बाजूने चावतो, वर्गात तोंडावर हात धरून हसतो.

हा त्रास मोजता येतो. कॅनडातील टोरांटोच्या संशोधकांनी २००२ साली ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या तीन महिन्यांतील दुखणे, खाणे-बोलणे, मनःस्थिती आणि चारचौघांतील वावर यांविषयी मुलालाच विचारायचे. 'कधीच नाही'ला शून्य गुण, 'जवळजवळ रोज'ला चार. बेरीज जितकी जास्त, तितका त्रास जास्त.

पालकहो, दात तपासून घ्याच. पण मुलालाही विचारा. विचारल्याशिवाय ते सांगेलच असे नाही.