मद्यपाशातून सुटका : सभेच्या दारापर्यंतची वाट

अंबरनाथसारख्या कारखान्यांच्या गावी दारूने पोखरलेले घर पुष्कळदा प्रथम शिक्षकाच्या ध्यानी येते. मूल शाळेत येईनासे होते. अशा घराला उपदेश उदंड मिळतो, पत्ता मात्र कोणी देत नाही.

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. सदस्यत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. प्रवेशशुल्क नाही. व्याख्यान नसते, ज्याने भोगले तोच आपला अनुभव सांगतो आणि केवळ आजचा दिवस न पिता काढण्याचे ठरवितो. नवागताने बोललेच पाहिजे, असे नाही. नातेवाइकांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे निराळे गट असतात.

सभेचे वार व ठिकाण चळवळीच्या मदत-दूरध्वनीवर विचारावे आणि कामाची पाळी पाहून वार निवडावा. ओळखीचे कोणी भेटेल या संकोचाने पाऊल अडत असल्यास कल्याण-कर्जत मार्गावरील दुसऱ्या गावची सभा शोधावी.

दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. दारू एकाएकी बंद केल्यास कंप, झटके, भ्रम उद्भवून प्रसंग जिवावर बेततो. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये उपचारांइतकेच नंतरच्या पाठपुराव्यालाही महत्त्व दिले गेले, कारण घरी परतल्यावर संध्याकाळ पुन्हा समोर उभी राहतेच.

तालुक्यातील पंचायत सदस्यांनी पहिल्या सभेस अशा माणसाला दारापर्यंत सोबत करावी. जवळपास गट नसल्यास इच्छुकांना शाळेची एक खोली आठवड्यातून तासभर द्यावी. तेथे कोण येते, हे चावडीवर बोलू नये.