आत्मप्रत्ययाची वाट : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'



१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंपुढे प्रथम प्रश्न उभा राहिला तो स्वतःच्या स्थानाचा. पत्नी ही समाजाने त्यांना दिलेली ओळखच डळमळली होती. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण सोवळेओवळे सांभाळूनच. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये.

या काळाचा अभ्यास करताना घटनांचा क्रम ध्यानात घ्यावा. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, हे त्यांना आधी उमगले, त्यानुसार खाण्यापिण्याचे निर्बंध सुटले, धर्मस्वीकार त्यानंतरचा. श्रद्धा पतीच्या आज्ञेने आली असती, तर त्या केवळ अनुयायी राहिल्या असत्या. ती स्वतःच्या विचारांती आली, म्हणूनच तिच्यातून त्यांना स्वतःचे मूल्य गवसले.

या मूल्याला प्रयोजनाची जोड पुढे मिळाली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले.

आता 'स्मृतिचित्रे'च्या भाषेकडे पाहा. उपदेशाचा सूर तेथे क्वचितच लागतो. घरगुती बोली आणि स्वतःलाही न वगळणारा विनोद ही त्या निवेदनाची बलस्थाने आहेत. ज्याला स्वतःचे मूल्य पटले आहे, त्यालाच स्वतःवर असे मोकळेपणाने हसता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हा पतिनिष्ठेचा परिणाम होता काय? 'स्मृतिचित्रे'तील दोन प्रसंगांच्या आधारे आपले मत मांडा.