स्थूल रुग्णाचा गुडघा बदलताना



अस्थिशल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याने आरंभापासून ध्यानात ठेवावे की, कृत्रिम सांध्याचा जंतुसंसर्ग हा साध्या जखमेच्या संसर्गासारखा नसतो. धातू व प्लॅस्टिक यांना रक्तपुरवठा नसतो. त्यांच्यावर स्टॅफिलोकॉकससारखे जंतू एकदा चिकटले की ते स्वतःभोवती बुळबुळीत आवरण, म्हणजेच बायोफिल्म, तयार करतात आणि त्याआड प्रतिजैविकांची मात्रा फारशी चालत नाही. मग सांधा पुन्हा उघडून धुवावा लागतो, कित्येकदा काढूनच टाकावा लागतो. पहिल्या गुडघेबदलानंतर हे संकट शंभरांत एक-दोघांवरच येते, परंतु ज्याच्यावर येते त्याचे महिनोन्‌महिने अंथरुणात जातात.

स्थूलपणाबरोबर ही जोखीम वाढते. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४०च्या पुढे गेला की ती ठळक होते. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ९० किलो असेल, तर तो नेमका ४० भरतो. चरबीच्या थरात रक्तवाहिन्या विरळ असल्याने प्राणवायू आणि औषध दोन्ही तेथे कमी पोहोचतात, शस्त्रक्रिया लांबते, टाक्यांखाली द्रव साचतो आणि जखम झिरपत राहते. म्हणूनच छेदापूर्वीच्या तासाभरात दिले जाणारे सेफाझोलिन एरवी २ ग्रॅम, तर १२० किलो वा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णाला ३ ग्रॅम द्यावे लागते. मात्र केवळ आकड्यावर विसंबू नये. एखाद्याची सारी चरबी पोटावर असते आणि गुडघा सडसडीत असतो, तर दुसऱ्याच्या गुडघ्यावरच जाड थर असतो; छेद जेथे घ्यायचा तेथील कातडी चिमटीत धरून पाहिल्याशिवाय हा भेद कळत नाही.

अमेरिकेतील सांधेबदल शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २०१३ मध्ये ४०च्या वर इंडेक्स असलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार करावा असे सुचवले. तो विचार आहे, बंदी नव्हे. जिला जिना उतरवत नाही तिला ‘वजन उतरवून या’ एवढेच सांगून परत धाडणे म्हणजे उपचार नव्हे, ती तिची बोळवण होय. शिवाय घाईने उपास करून उतरवलेले वजन प्रथिनेही घेऊन जाते; वजनदार देहातही कुपोषण असू शकते, आणि रक्तातील अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर जखम भरण्यास वेळ लागतो. म्हणून आहारतज्ज्ञाकडे पाठवावे, साखर आटोक्यात आणावी, तंबाखू सोडवावी, आणि गरज पडल्यास वजन घटवण्याची औषधे वा जठरावरील शस्त्रक्रिया यांविषयी रुग्णाशी सन्मानाने बोलावे.

शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस उलटूनही ड्रेसिंग ओले होत असेल, तर प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून देऊन वाट पाहत बसू नये; वरिष्ठांना त्याच दिवशी जखम दाखवावी.